ठिपक्याचा दगड

४ मार्च

धाकट्या,

तुझा खोकला गेला का? दगडाची धूळ छातीत बसली की उठत नाही, बाबांचं पाहिलं आहेस. डॉक्टरकडे जा. आता कामाचं बोलते.

रविवारच्या भटकंती मंडळाने यंदाची मोठी फेरी माझ्या गळ्यात घातली आहे. एकोणीस एप्रिलला जुन्या खाणीपासून निघायचं, नदीकाठाने टेकडीवरच्या चर्चपर्यंत जायचं, नऊ किलोमीटर. वाटेत थांबून थांबून मी इतिहास सांगायचा. चर्चला तीनशे वर्षं होताहेत म्हणून शेवटी चर्चच्या दारातच समारंभ आहे आणि समारंभात सत्कार आहे चिटणिसांचा. चाळीस वर्षं चर्चच्या समितीचं काम पाहिलं आणि चर्चच्या इतिहासाची पुस्तिका लिहिली म्हणून. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "सत्काराचे चार शब्द तुम्हीच बोला. जन्मभर ग्रंथपाल होतात, तुम्हाला शब्दांची काय वाण?" मी इतक्या पटकन हो म्हटलं की ते जरा दचकलेच.

पुस्तिकेचं पान सतरा तुला आठवत असेल. मला पाठ आहे. 'मनोऱ्याच्या कंगोऱ्याचा दगड गवंड्याच्या निष्काळजीपणामुळे निसटून पडला व ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचा उजवा हात कायमचा निकामी झाला.' गवंडी म्हणे. बाबा पाथरवट होते हेसुद्धा लिहायची त्या माणसाला गरज वाटली नाही. त्या एका ओळीनंतर बाबांना कोणी छिन्नी धरू दिली नाही. ज्या हातांनी त्या दाराच्या कमानीवर द्राक्षांचे घोस कोरले, त्या हातांनी शेवटची सहा वर्षं रस्त्याची खडी फोडली. मी काय करू शकत होते? ग्रंथालयात ती पुस्तिका तेवीस वर्षं कुक्कुटपालनाच्या फळीवर ठेवली. कोणी मागितली की 'बाहेर गेली आहे' म्हणून सांगायचे. तेवढाच सूड माझ्या आवाक्यात होता.

आता मोठा हाती आला आहे. मागच्या आठवड्यात फेरीचा रस्ता बघायला गेले होते. चर्चच्या मागे अवजारांच्या खोलीआड काटेरी झुडपं माजली आहेत. त्यांत मला तो दगड सापडला. दोन तुकडे झाले आहेत, पण कंगोऱ्याची नक्षी तीच आहे. वरच्या अंगावर, म्हणजे बांधकामात जी बाजू झाकली जाते तिथे, बाबांची खूण आहे, कावळ्याच्या पायासारख्या तीन रेघा. आणि तिच्याखाली एक ठिपका आहे. बाबांच्या खुणेत ठिपका कधीच नव्हता. आपल्या उंबऱ्यावर खूण आहे, आईच्या पाट्यावर आहे, दोन्हीकडे नुसत्या तीन रेघा. म्हणजे कोणीतरी दुसऱ्याचा दगड बसवला, त्यावर बाबांची खूण ठोकली आणि ठोकताना चुकला. दगड कोणाचा घ्यायचा हे तेव्हा एकटे चिटणीस ठरवत होते.

मी हे चर्चच्या दारात, हार त्यांच्या गळ्यात पडल्यावर, सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू त्याच धंद्यातला. मला फक्त दोन ओळी लिहून दे, 'ठिपका असलेली खूण आमच्या वडिलांची नव्हे', आणि खाली सही कर. तुझ्या संस्थेचा कागद असला तर उत्तम.

तुझी,
ताई


१४ मार्च

ताई,

पत्र मिळालं. खोकला बरा आहे. इथे परीक्षा चालू आहेत, पोरं दगडापेक्षा स्वतःची बोटंच जास्त फोडतात, त्यामुळे उशीर झाला. एक बातमी आहे. जूनपासून मला संस्थेचा प्राचार्य करायचं ठरतं आहे. अजून पक्कं नाही, कोणाला सांगू नकोस.

त्या दगडाचं म्हणशील तर मला घाई वाटते. एकतीस वर्षं उघड्यावर पडलेल्या दगडावर काय काय उमटतं हे तुला माहीत नाही. पाणी ठिबकूनही ठिपका पडतो. शिवाय चिटणीस आता चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्या वयाच्या माणसाला भर समारंभात उभं फाडलंस तर लोक तुलाच नावं ठेवतील. बाबा गेले, बाई गेल्या. कोणाचं काय भलं होणार आहे?

मला विचारशील तर फेरी पाणचक्कीपाशीच संपव. तिथे सावली आहे, बसायला जागा आहे. टेकडी चढून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे गुडघे कशाला दुखवायचे? सत्काराचं अध्यक्षांनाच करू दे.

धाकटा


१८ मार्च

धाकट्या,

प्राचार्य होतोयस हे वाचून आनंद झाला. बाबांच्या जागी मीच पेढे वाटले असते, पण कोणाला सांगू नकोस म्हणालास म्हणून एकटीनेच साखर खाल्ली.

माझ्या गुडघ्यांची काळजी करू नकोस. काल पुन्हा सगळी वाट चालून आले, हातात वही आणि छातीत राग घेऊन, त्यामुळे चढ जाणवला नाही. खाणीत आता पाणी साचलं आहे आणि बदकं आहेत. चर्चचा दगडन् दगड इथून निघाला असं लोकांना सांगणार आहे. पुढे अरुंद पूल. तो अरुंद का, ठाऊक आहे? पलीकडच्या गावाने आपल्या गावाचा बैल पळवला होता म्हणून आपल्या लोकांनी पूल मुद्दाम एवढाच बांधला की त्यांची गाडी एका वितीने अडावी. दोनशे वर्षं अडते आहे. मग पाणचक्की. ती दोघा भावांची होती. भांडण झालं आणि त्यांनी मधोमध भिंत घातली, जातं एकाकडे राहिलं आणि पाण्याचं चाक दुसऱ्याकडे. दोघेही उपाशी राहिले पण भिंत पाडली नाही. पूर्वी मला हे वाचून हसू यायचं. काल त्या भिंतीला टेकून भाकरी खाल्ली आणि मला ते दोघे फार समजूतदार वाटले.

फेरी पाणचक्कीपाशी संपणार नाही. चर्चच्या दारातच संपेल.

ठिपका पाण्याचा नाही. मी बोट घालून पाहिलं. कडा धारदार आहेत, छिन्नीचं टोक एकदाच ठेवून एकच घाव घातलेला आहे. त्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासून छाप काढला, तो सोबत पाठवते आहे. तू बघ आणि मग पाण्याचं नाव घे.

आणि कोणाचं काय भलं होणार असं विचारलंस म्हणून सांगते. बाबा घरी यायचे तेव्हा खडीचे कपचे त्यांच्या भुवयांत अडकलेले असायचे. मी ओल्या फडक्याने काढायचे. तू तेव्हा शहरात होतास, तुला ते दिसलं नाही. एकदाही ते चिटणिसांविरुद्ध बोलले नाहीत. मला वाटायचं, माणूस इतका मोडला आहे की त्याला रागसुद्धा परवडत नाही. म्हणून त्यांच्या वाटचा राग मी केला.

दुसरी गोष्ट तुला माहीत आहे, आपण बोललो मात्र कधी नाही. दगड पडला त्यानंतर महिन्याभराने चिटणिसांचा मुलगा, घड्याळवाला, मला त्या अरुंद पुलावर भेटला. आमचं दोन वर्षं ठरल्यासारखंच होतं. मनोऱ्याच्या घड्याळाला किल्ली द्यायला तो जायचा आणि मी दाराचं कुलूप हातात धरून खाली उभी राहायचे. तो म्हणाला, "माझ्या बापाचं आणि तुझ्या बापाचं काय व्हायचं ते होऊ दे. आपण लग्न करू." मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या घरात मी पाणीही पिणार नाही." तो आणखी तीनदा आला. तिन्ही वेळा मी दार लावून घेतलं. बाबा आत बसलेले असायचे. ते फक्त मान खाली घालायचे.

तुला कळवलं तेव्हा तू लिहिलं होतंस, 'ताई, बरोबर केलंस.' ते पत्र माझ्याकडे आहे. म्हणून म्हणते, दोन ओळी लिहायला तुला जड जाऊ नयेत.

ताई


६ एप्रिल

धाकट्या,

एकोणीस दिवस झाले. परीक्षा एव्हाना संपल्या असतील.

तुला वेळ नसेल तर राहू दे. तुमच्या संस्थेत जुन्या खुणांचे जाणकार एक म्हातारे गुरुजी आहेत, असं तूच मागे सांगितलं होतंस. पुढच्या सोमवारी ठिपक्याच्या छापाची एक प्रत त्यांना पाठवते आणि तेच विचारते. ते नक्की सांगतील.

ताई


११ एप्रिल

ताई,

गुरुजींना काही पाठवू नकोस. त्यांना विचारायची गरज नाही, तो ठिपका काय आहे ते आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. तुला कळलं नाही कारण मुलींना कामाच्या ठिकाणी कोणी नेलं नाही.

शिकाऊ माणसाला स्वतःची खूण नसते. तो उस्तादाची खूण ठोकतो आणि खाली एक ठिपका देतो. उस्तादाने मोकळं केलं की मग स्वतःची खूण मिळते. बाबांचा शिकाऊ एकच होता.

तो दगड मी घडवला. मी अठरा वर्षांचा होतो. मनोऱ्याची डागडुजी चालू होती, बाबा कंबर धरून पंधरा दिवस अंथरुणावर होते आणि परांची रिकामी ठेवायची नाही असं समितीचं म्हणणं होतं. दगड खाणीत जसा थरांनी आडवा पडलेला असतो तसाच आडवा बसवायचा, हे बाबांनी मला हजारदा सांगितलं होतं. उभा बसवला की थरांमध्ये पाणी शिरतं आणि पुस्तकाची पानं सुटावीत तसा तो सुटतो. पण त्या दगडावर नक्षी आडवी नीट उठत नव्हती, सारखे टवके जात होते. उभा धरला तर लोण्यासारखी उठली. मला बाबांना चकित करायचं होतं. मी उभा बसवला. बाबा बरे होऊन आले, खालून कपाळावर हात धरून बघत राहिले आणि म्हणाले, "सुरेख. थर आडवे ठेवलेस ना?" मी हो म्हणालो.

चार हिवाळे टिकला. पडला त्या दिवशी बाईंना उचलून नेल्यावर बाबांनी तुकडा पायाने उलटा केला, ठिपका पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मग तसेच चिटणिसांकडे गेले. मी मागे होतो. चिटणिसांनीही ठिपका ओळखला होता. ते म्हणाले, "हे तुमचं काम नाही, पोराचं आहे." बाबा म्हणाले, "खूण माझी आहे. माझ्यावर लिहा. पोराचं सगळं आयुष्य जायचंय." चिटणीस फार वेळ नाही नाही म्हणत होते. शेवटी त्यांनी शब्द दिला. पुस्तिकेत त्यांनी नाव घातलं नाही, पाथरवटही लिहिलं नाही, नुसतं गवंडी लिहिलं, ते बाबांना कमी लेखायला नव्हे. शोधणाऱ्याला सापडू नये म्हणून.

ताई, मी तेव्हा बावीसचा होतो आणि भ्यालो होतो. नंतर भीती गेली पण सवय राहिली. घड्याळवाल्याचं तू कळवलंस तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नाही. खरं लिहायला बसलो होतो. मग वाटलं, आता तू नाही म्हणूनच बसली आहेस, जे झालं ते झालं.

आता एवढंच मागतो. चिटणिसांचा सत्कार चांगला कर, त्यांचं त्यात समाधान होईल. दगडाबद्दल बोलू नकोस. बाबांनी आयुष्य देऊन जे झाकलं ते आपण उघडं करणं बाबांना आवडलं नसतं. जूनमध्ये माझं काम होऊ दे, मग मी स्वतः येऊन तुझ्या पायांवर डोकं ठेवीन. हे पत्र जाळून टाक.

धाकटा


१७ एप्रिल

ताई,

पत्र पोचलं ना? उत्तर नाही. नुसतं 'मिळालं, जाळलं' एवढं लिहिलंस तरी चालेल. फेरीच्या दिवशी ऊन फार नसावं. जपून चाल.

धाकटा


२१ एप्रिल

धाकट्या,

मिळालं. गुरुवारी. जाळलं नाही.

गुरुवारची रात्र आणि शुक्रवारचा दिवस मी काय केलं ते विचारू नकोस. शनिवारी पिशवीत दोन भाषणं ठेवली. एक मी महिनाभर घासूनपुसून तयार केलेलं आणि दुसरं म्हणजे तुझं पत्र.

रविवारी ऐंशी माणसं आली होती. हवा छान होती. खाणीपाशी मी खाणीचं सांगितलं, पुलावर बैलाचं सांगितलं, लोक हसले. घड्याळवाला आणि त्याची बायको तिसऱ्या रांगेत होते. ती चांगली बाई आहे. माझ्या हातातली पिशवी जड दिसली म्हणून तिने ती स्वतःकडे धरायला घेतली. पाणचक्कीपासून चिटणीसही चालायला आले. गाडी आणली होती, पण ते म्हणाले, "चढ चालूनच जाईन, नाहीतर सत्कार फुकटचा वाटेल." मुलाच्या खांद्यावर हात ठेवून दर वीस पावलांवर थांबत होते. मी त्यांच्या पुढेच चालत होते. एकतीस वर्षं ज्या माणसाच्या मरणाची बातमी यावी म्हणून मी पेपर मागच्या पानापासून वाचते, त्याचा धापा टाकण्याचा आवाज माझ्या पाठीमागे येत होता. आणि तो निर्दोष आहे हे त्या ऐंशी माणसांत मला एकटीलाच माहीत होतं.

चर्चच्या दारात त्यांना हार घातला. अध्यक्षांनी मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, "या चर्चच्या इतिहासातलं पान सतरा दुरुस्त करायचं आहे." चिटणिसांना लगेच समजलं. त्यांनी मान हलवून नको नको म्हटलं. मी तुझं पत्र काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. एक शब्द गाळला नाही. जूनमधलं कामसुद्धा वाचलं. 'हे पत्र जाळून टाक' तेही वाचलं, तेव्हा मागे कोणीतरी हसलं. ऑर्गनवाल्या बाईंची भाची पहिल्या रांगेत होती. ती हसली नाही.

चिटणीस म्हणाले, "बाई, मी तुमच्या वडिलांना शब्द दिला होता." मी म्हटलं, "तुम्ही दिला होतात, मी नाही." मग मी त्यांची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत, कुक्कुटपालनाच्या फळीसकट. ते म्हणाले, "तरीच कोणी वाचली नाही. मला वाटायचं मी वाईट लिहिली." आणि रडले. ज्यांच्यावर सूड उगवायला गेले होते, त्यांच्याच खुर्चीशी बसून मी त्यांना रुमाल दिला.

तू लिहितोस, बाबांना आवडलं नसतं. माझा बाबांवरही राग आहे, तो त्यांना आता पोचवता येत नाही म्हणून तुलाच कळवते. पोराचं सगळं आयुष्य जायचंय म्हणाले ते. त्यांना दोन मुलं होती. दुसरं शेजारच्या खोलीत दार लावून घेत होतं आणि त्यांनी मान खाली घातली. तू भ्यालास, ठीक आहे. बाबांनी तुला झाकलं, तेही समजते. पण 'ताई, बरोबर केलंस' हे लिहायला तुला कोणी लावलं होतं? नुसता गप्प राहिला असतास तरी मी एखाद्या वेळी दार उघडलं असतं.

चहाच्या वेळी घड्याळवाला माझ्याकडे आला. कप हातात तसाच होता. त्याने एवढंच विचारलं, "तेव्हा कळलं असतं तर?" मी म्हटलं, "तर मी हो म्हटलं असतं." त्याची बायको त्याच्या शेजारीच उभी होती. तिने माझी पिशवी खाली ठेवली आणि टेकडी उतरून एकटी निघून गेली. तोही तिच्या मागे गेला. तिचं या सगळ्यात काहीही देणंघेणं नव्हतं, आणि तिलाही मी घाव घातला. ते तुझ्या नावावर नाही, माझ्या आहे, हे मला कळतं. तरी ते उत्तर मी परत घेणार नाही. एकतीस वर्षांत मी त्याला खरं बोललेलं तेवढं एकच वाक्य आहे.

फादरांनी तुझं पत्र चर्चच्या जुन्या कागदांबरोबर काचेच्या कपाटात ठेवलं आहे. एक प्रत आज तुमच्या संस्थेला, म्हाताऱ्या गुरुजींच्या नावे, ठिपक्याच्या छापासकट पाठवली. हे पत्र आणि ते पाकीट एकदमच पेटीत टाकते आहे, म्हणजे तुला आणि त्यांना एकाच दिवशी मिळेल.

माझ्या पायांवर डोकं ठेवायला येऊ नकोस. पत्र लिहायला मात्र हरकत नाही, हवं तेवढं लिही. लोकांना ही फेरी फार आवडली, आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करायची ठरली आहे. दारापाशी पोचल्यावर वाचून दाखवायला मला काहीतरी लागेलच.

ताई